मोरितासानचा रिकामा डबा

टोकियोहून माझी बदली तोयामाला झाली तेव्हा माझ्या बायकोची, नेत्राची एकच अट होती. घरात येऊन चहा पिणारी निदान एक बाई तरी हवी. टोकियोत आम्ही राहायचो त्या ओजिमा भागात अशा भारतीय बायका इतक्या होत्या, की मलाच माझ्या घरात बसायला जागा नसायची. इथे अख्ख्या गल्लीत परदेशी म्हणजे आम्ही दोघं. शेजारी पंच्याहत्तरीच्या मोरितासान, एकट्याच.

नेत्राचं जपानी दुकानात ‘पिशवी नको’ म्हणण्यापुरतं. पण पुण्याच्या बाईला त्याने काय अडतंय? तिने स्टीलचा डबा भरून शंकरपाळे नेले. मोरितासान कमरेत वाकल्या, डबा घेतला आणि दार लावलं. तिसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला, वर त्यांच्या एका लाकडी पेटीत भरून बिस्किटं. दारातूनच.

आता आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत आणि त्यांच्याकडे भेटीला परतभेट द्यावीच लागते. झालं, दोघीही खानदानी निघाल्या. बिस्किटांवर चिवडा, चिवड्यावर द्राक्षं, द्राक्षांवर बेसनाचे लाडू, लाडवांवर खरबूज. दीड वर्ष हेच. उंबऱ्याच्या आत कुणी आलं नाही, माझं वजन मात्र सहा किलोंनी वाढलं.

“आमची मैत्री जमतेय बरं का,” नेत्रा म्हणायची.

“हो, कुरिअरवाल्याशीही जमते अशीच,” मी म्हणायचो.

जानेवारीत गुडघाभर बर्फ पडला. ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या दुकानात मला मोरितासान दिसल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्ट्रॉबेरीचं खोकं. आदल्या दिवशी नेत्राने त्यांना करंज्या दिल्या होत्या. चार करंज्यांपायी म्हातारी बर्फातून बस पकडून आली होती.

घरी येऊन मी ते सांगितलं, वर अक्कलही पाजळली. “तू तिला खाऊ नाही देत, कामाला जुंपलंयस.” नेत्रा भांडेल असं वाटलं होतं. ती रडली. मला माझीच लाज वाटली.

मग डोळे पुसून ती पहिल्यांदाच रिकाम्या हाताने शेजारी गेली. फोनवर भाषांतर करून दाखवलं, “मी काही आणलेलं नाही. तुम्हीही आणू नका. नुसत्या चहाला या.” मोरितासाननी ते दोनदा वाचलं, वाकल्या आणि दार लावलं.

“संपलं,” नेत्रा म्हणाली आणि जेवलीच नाही.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मोरितासान, हातात करंज्यांचा डबा. चोरी पकडल्यासारखा चेहरा करून त्यांनी झाकण उघडून दाखवलं. डबा रिकामा होता. मग तोंडावर हात धरून कबूल केलं, स्ट्रॉबेरी त्यांनी स्वतःच खाल्ल्या.

नेत्रा बाजूला सरकली. मोरितासाननी बूट काढले, नीट दाराकडे तोंड करून ठेवले आणि आत आल्या. दोन कप चहा प्यायल्या. मला कुणी विचारलं नाही.

निघताना नेत्राचा हात सवयीने शंकरपाळ्यांच्या बरणीकडे गेला. मी बरणी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.