तुमच्याकडचं बोलून दाखव

बाळकुमच्या आगरी घरातून लग्न करून मी नौपाड्यात आले आणि सासूबाईंनी माझी भाषा सुधारायला घेतली. मी "पानी" म्हटलं की त्या पेला हातात तसाच धरून ठेवायच्या. "पाणी" म्हटल्यावरच द्यायच्या, अगदी पाहुण्यांसमोरसुद्धा. नवरा मोबाइलमधून मान वर करायचा नाही. हळूहळू माझा 'ण' सुधारला.

गेल्या वर्षी त्यांच्या वाचन मंडळाने एक अनुवादित कादंबरी घेतली. अमेरिकेत वाढलेल्या पॅलेस्टिनी मुलीची. शाळेत तिच्या इंग्रजीला हसतात, आणि ती आजोळी जाते तेव्हा मावश्या तिच्या अरबीला हसतात. मी ती चोरून वाचली. मावश्यांच्या पानापाशी थांबले, तर गॅसवर भाजी करपली.

चर्चा आमच्याच हॉलमध्ये झाली. बोलता बोलता सासूबाईंना रडू आलं. "माणसाची भाषा काढून घेणं म्हणजे जीभ कापणंच हो!"

मी चहा घेऊन आले. एका बाईंनी विचारलं, "सूनबाई आगरी ना तुमच्या?"

"हो, पण बोलण्यावरून ओळखाल का?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "अगं, जरा तुमच्याकडचं बोलून दाखव ना. ऐकायला गंमत वाटते."

हातात ट्रे होता. मी म्हटलं, "चाय निवली, पिऊन घ्या आता."

सगळ्या खळखळून हसल्या.

"त्या मुलीलाही असंच बोलायला लावलं असतं तुम्ही?" मी विचारलं.

"काहीतरीच काय! ती बिचारी देशाला पारखी झालेली. तू तर रिक्षाने माहेरी जातेस."

त्याच महिन्यात भाचीची हळद होती. मी रिक्षानेच गेले. अंगणात बायका धवले गात होत्या. लहानपणापासून पाठ असलेली ती लग्नाची गाणी. मीही सूर लावला. काकीने गाणं मध्येच थांबवलं.

"तू गप ऱ्हा, बाय. तुला आता नाय जमाचा. बातम्या वाचतंस का काय?"

बायका हसत सुटल्या. आईकडे बघितलं, तर पदर तोंडाला लावून तीही हसत होती.

"जा, पावन्यांमंदी बस," ती म्हणाली, आणि स्वतः उठून मला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. आईने मला कधी खुर्ची दिली नव्हती. त्यांनी धवला पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

जेवायला मी थांबले नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कशी झाली हळद?"

"छान," मी म्हटलं.