लाल रेघ

ताईच्या अर्जासाठी मी जी यादी केली होती, तिच्यात अकरा कामं होती. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, साक्षांकित प्रती, फोटो, पिनांची डबी, असं सगळं. ताई बी.ए. झाली होती आणि तिला तुलनात्मक साहित्यात एम.ए. करायचं होतं. मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण कागदपत्रांच्या बाबतीत घरात माझाच हुकूम चाले.

"झालं का मुनीमजींचं?" ती चिडवायची.

रिफायनरीतली पहिली पाळी संपवून आलेले बाबा बूट काढता काढता म्हणाले, "तुलनात्मक म्हणजे काय गं? दोन पुस्तकं तराजूत घालतात?" मग हसू आवरून म्हणाले, "हे बघ, एकदा प्रयत्न कर. नाही मिळाला प्रवेश तर सरळ बी.एड. पुन्हा हट्ट नाही." ताईनं मान हलवली. म्हणजे जे काही व्हायचं ते या एका अर्जावर.

अर्जासोबत एक पान निबंध हवा होता, येत असेल त्या भाषेत. ताईनं मराठीत आईवर लिहिला. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो मी तपासायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले: "आई मला रोज शाळेत मोकलायची."

आम्ही घरात असंच बोलायचो. चिठ्ठी मोकल, डबा मोकल. गुजरातीत मोकलणं म्हणजे पाठवणं, आणि बडोद्यात राहून ते आमच्या मराठीत कधी शिरलं ते कुणाला कळलंही नव्हतं. कळायचं ते दिवाळीत, पुण्याचा मामा आला की. "तुमच्याकडे धाय सोडून बाकी सगळं मोकलतात!" तो म्हणायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी लाल पेनानं 'मोकलायची'वर रेघ मारली आणि वर 'पाठवायची' लिहिलं. यादीत शेवटी बारावं काम घातलं: स्वच्छ प्रत. पण निजामपुऱ्याहून निघेपर्यंत एक वाजला, सयाजीगंजला झेरॉक्सच्या दुकानात वीज गेलेली, आणि विद्यापीठातली अर्जांची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं उरली असताना ताईनं तेच पान आत सरकवलं. मी वर लिहिलेला शब्द तेवढा तिनं पेनानं खोडून टाकला होता. लाल रेघ तशीच राहिली.

"वेडी आहेस का? हे कागद बघून कोण घेईल तुला?"

"बघू," ती म्हणाली.

मुलाखतीला मूळ प्रमाणपत्रांची फाईल घेऊन मी दाराबाहेर उभी होते. दार अर्धवट उघडं होतं. आतल्या बाईंनी विचारलं, "आ लाल लीटी कोणे मारी?"

लीटी म्हणजे रेघ. माझीच.

"धाकट्या बहिणीनं," ताई गुजरातीत म्हणाली. "तिचं चुकलं नाही. मराठीत मोकलणं म्हणजे सोडून देणं. पण तुमच्या भाषेत पाठवणं. माझी आई दारात उभी राहायची ना, तेव्हा ती दोन्ही करत असायची. एकच अर्थ ठेवला तर वाक्यात अर्धीच आई उरते."

आत कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. मग बराच वेळ एकाच शब्दावर बोलणं चाललं. प्रमाणपत्रं कुणी मागितलीच नाहीत. मी इतकी वर्षं त्या शब्दाची लाज धरली होती. ताईनं त्याच्याकडे नीट बघितलं होतं, एवढाच फरक. पण तो केवढा मोठा, हे मला त्या दाराशी कळलं.

आठवड्यानं यादी लागली. ताईचं नाव वरून चौथं. बाबांनी ते बोट ठेवून दोनदा वाचलं.

पहिल्या दिवशी ती घाईत डबा ओट्यावर विसरून गेली. मी वही काढली आणि त्या दिवशीच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं: ताईला डबा मोकलणे. लाल पेन शेजारीच पडलं होतं. ते तिथेच राहू दिलं आणि सायकल काढली.