पदरापुरता लाल

मंगळवारी सकाळी अकरा वाजता म्हैसूरच्या अग्रहार भागात मंजिष्ठेच्या मुळ्यांच्या पातेल्यातून रेशमाची लड बाहेर निघाली. ती लाल व्हायला हवी होती, विटकरी झाली.

मी आदल्या संध्याकाळी पुण्याहून पोचलो होतो. सकाळी कोपऱ्यावर अवरेकाळूचं (पावट्याच्या दाण्यांचं) उपीट खाऊन चालतच सुशीलाबाईंकडे आलो. घर मराठी रंगाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. झाडपाल्याच्या रंगात रेशीम रंगवणाऱ्या आता दोघीच उरल्या आहेत: सुशीलाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ मंगला.

दारात शेजारच्या गल्लीतले विणकर महादेवप्पा उभे होते. त्यांच्या हातमागावरची साडी विणून होत आली होती. पदरापुरतं लाल रेशीम कमी पडलं होतं. रंग जुळला नाही, तर तीन आठवड्यांची मेहनत पदराविना उतरवावी लागणार होती.

त्यांनी गेल्या खेपेला इथेच रंगवलेल्या लाल धाग्यांचा झुबका पाण्यात बुडवून नव्या लडीवर धरला. ओलं रेशीम गडद दिसतं, म्हणून ओल्याशी ओलंच ताडतात. फरक मलाही दिसला.

"अक्का, हा पदर नव्हे, टोमॅटोचं सारू," ते कन्नडमध्ये म्हणाले.

"मग भात घेऊन या," असं म्हणत सुशीलाबाई जावेकडे वळल्या. "मंजिष्ठा तीच, तुरटी तीच. चुकलं काय गं?"

"नीरु (पाणी) तेच का, अक्का? गेल्या खेपेला नळ बंद होता. बोअरचं आणलं मी, कंबर मोडून. मरतलं (विसरलात)?"

बोअरच्या जड पाण्यात मंजिष्ठेचा लाल खुलतो. नळाचं पाणी हलकं. बोअर आता बंद पडली होती. सुशीलाबाईंनी कमरेची पानाची डबी काढली, पाणी जड करायला नखभर चुना तांब्यात कालवला आणि वरचं निवळ पाणी पातेल्यात ओतलं.

"साडी नेसायची की चघळायची?" महादेवप्पांनी विचारलं.

"तोंड लाल होतं की नाही? मग गप बसा."

लड पुन्हा बुडाली. उकळी येऊ नये म्हणून मंगलाबाई तासभर आच सांभाळत राहिल्या. विटकरी छटा सरत गेली आणि खोल, शांत लाल वर आला. उन्हात तो डोळ्यांवर येत नव्हता, सावलीत विझत नव्हता.

महादेवप्पांनी झुबका पुन्हा भिजवून लडीवर ठेवला. उचलायची वेळ आली तेव्हा तो त्यांना बोटांनी चाचपून शोधावा लागला.

लड सावलीत वाळली. माझी गाडी संध्याकाळची होती. निघताना महादेवप्पांच्या मागाशी गेलो, तेव्हा पदर चार बोटं विणून झाला होता.