शोभा टेलरचं गाठोडं

चहा आधी पिऊन घ्या. मी सांगायला लागले की तुम्ही हसणार, आणि माझ्या चटईवर डाग पडलेला मला चालत नाही.

तर झालेली फजिती माझीच आहे. गल्लीत ती वेगवेगळ्या बायका वेगवेगळी सांगतात, म्हणून म्हटलं खरी काय ती एकदा मीच सांगून टाकावी. नाशकात मखमलाबाद रोडला आमची गल्ली. त्या गल्लीत मी भांडायला निघाले की लोक दारं लावत नाहीत, उघडतात. एवढं माझं नाव आहे.

माझी मुलगी वैशाली बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली. बारशाला मनमाडहून विहीणबाई येणार. त्यांनी फोनवर सांगितलं, "बाळासाठी आम्ही छान मऊ ब्लँकेट मागवलंय हो, ऑनलाइन."

मी म्हटलं, "मागवा. नातीची गोधडी मी शिवणार. उरल्यासुरल्या कापडाची. दुकानातली एक चिंधीसुद्धा आणायची नाही."

बोलून बसले. आता बोललं की करायचं, ही माझी खोड. घरात अर्धवट राहिलेलं सगळं बाहेर काढलं. उरलेल्या लोकरीचा एक पायमोजा होता, दुसरा करायचा राहिलेला. तो विणला. जुन्या लोकरीत हिरवी संपली म्हणून दुसरा मोजा घोट्यापासून वर पिवळा झाला. बाळाला काय कळतंय? गोधडीच्या खालच्या बाजूला माझं जुनं सुती पातळ होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. राहता राहिली वरची बाजू. तिला हवे रंगीत तुकडे.

म्हणून गेले शोभाकडे.

शोभा म्हणजे आमच्या गल्लीतली टेलर. पुढच्या खोलीत एक मशीन, त्यावर सगळं घर चालवते. बोलायला मऊ. इतकी मऊ की मला राग येतो. तिला म्हटलं, "शोभा, कातरणं पडली असतील ना गं?"

"आहेत की काकू. मशीनखाली ठेवलंय सगळं. कधीपण घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी गेले तर दार उघडं, शोभा गिरणीत दळण आणायला गेलेली. मी वाकून मशीनखाली बघितलं. दोन वस्तू. एक पोतं, तोंड बांधलेलं. आणि त्याच्या मागं जुन्या ओढणीत बांधलेलं गाठोडं.

आता तुम्हीच सांगा. नाशकात राहणाऱ्या माणसाला घरात पोतं दिसलं तर त्यात काय असणार? कांदेच ना! आमच्याकडे पलंगाखाली कांदे, जिन्याखाली कांदे. मग मशीनखाली का नसावेत? मी ते पोतं पायानं बाजूला सरकवलं आणि गाठोडं काखेत मारून घरी आले. पोतं हलकं लागलं, ते जाणवलं होतं. मनात म्हटलं, कांदे संपत आले वाटतं बिचारीचे.

घरी गाठोडं सोडलं आणि मी खूश! काय तुकडे होते! मोठाले. कोरे. एकेका रंगाची वेगळी गुंडाळी, वर चिंधीची गाठ. आत पांढरं, पिवळं मऊ अस्तरसुद्धा. ते मी गोधडीच्या पोटात घालायला काढलं.

वैशाली बाळाला मांडीवर घेऊन बघत होती. "आई, हे तुकडे जोडीजोडीनं कसे गं? हे दोन बघ, अगदी सारखे."

"शोभाचा हात साफ आहे. ती चिंधीपण सरळ कापते."

"आणि हे वाटीसारखे गोल?"

"फुलं करायला बरे पडतील."

"यावर खडूनं आकडे लिहिलेत."

"टेलर लोक कुठंही आकडे लिहितात. तू बाळाला पाज."

पोरगी शिकलेली आहे, पण आईसमोर शिक्षण चालत नाही.

तिसऱ्या गुंडाळीची गाठ सोडली आणि माझा हात थांबला. आंब्याच्या रंगाचं कापड, काठावर मोर. हे कापड मी कुठंही ओळखलं असतं. विहीणबाईंनी डोहाळजेवणात मला साडी दिली होती, तिच्यातला ब्लाउजपीस! बारशाला तीच साडी नेसायची म्हणून पंधरा दिवसांपूर्वी शोभाकडे टाकला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, बाही कोपरापर्यंत ठेव. तर ही मऊ आवाजात काय म्हणाली? "काकू, कापड कमी आहे. लांब बाही बसणार नाही."

कमी आहे? मग हे काय होतं माझ्या मांडीवर? हातभर कापड उरवलं होतं बाईनं! आणि त्यात मोरसुद्धा!

माझं डोकं सटकलं. पण मी लगेच भांडायला जात नाही. आधी पुरावा गोळा करते. उरलेल्या गुंडाळ्या सोडल्या. ही जांभळी कुसुमची. ही हिरवी लताबाईची. सात रंग मी ओळखले, सातही आमच्या गल्लीतले. कुसुमच्या मुलीचं लग्न होतं बारशानंतर तिसऱ्या दिवशी, आणि अख्ख्या गल्लीनं ब्लाउज शोभाकडेच टाकलेले.

मी ठरवलं, आधी गोधडी पुरी करायची. कापडाचे तुकडे कोणीही लपवील. गोधडी कुठं लपवणार?

पाच दिवस खपले. दुसऱ्याच्या कापडाला मी कात्री लावली नाही, ते मी कधीच करत नाही. वाकड्या कडा आत दुमडल्या, एकाला एक जोडलं. फक्त माझं कापड मी कापलं. आपलंच आहे, कोणाला विचारायचं? मोर मधोमध आला पाहिजे म्हणून चांगला चौकोन काढला, उरलेल्या पट्ट्या करून चारी बाजूंनी झालर लावली. वरून धावदोरा घातला. माझा टाका तांदळाच्या कणीएवढा. त्याचंही गल्लीत नाव आहे.

या पाच दिवसांत एक गोष्ट घडत होती, ती माझ्या रागात तेलच ओतत होती. बायका शोभाकडे ब्लाउज मागायला जायच्या आणि ती म्हणायची, "होईल वहिनी, दोन दिवसांत होईल." नजर खाली. दार अर्धं लोटलेलं. कुसुम मला म्हणाली, "मंदाकाकू, शोभाचं काय बिनसलंय कळत नाय. माप घेऊन महिना झाला, लगीन तोंडावर आलं. पोरीची आई जुन्या ब्लाउजात उभी राहणार काय?"

"तिचं काय बिनसलंय ते मी दाखवते. ये घरात."

गोधडी पसरली. कुसुमनं जांभळ्या तुकड्यावर हात ठेवला. "अगं बया, हे तर माझं!"

"तुझंच."

"एवढं उरवलं तिनं? लय मोठं हाय की!"

"मोज तूच."

कुसुमनं लताबाईला हाक मारली. लताबाईनं अजून दोघींना. अर्ध्या तासात माझ्या घरात सात बायका आणि जमिनीवर एक गोधडी, आणि प्रत्येक जणी आपापल्या रंगावर बोट ठेवून ओरडतेय. लताबाई म्हणाली, "आजवर किती ब्लाउज टाकले मी तिच्याकडं! सगळ्यांतलं एवढं एवढं ठेवलं असेल, तर तिच्याकडे दुकान निघेल कापडाचं!"

"आता तिच्याकडे काही टाकायचं नाही," मी म्हटलं. "एकीनंही नाही."

"नाहीच टाकणार!"

निघालो. मी पुढं, खांद्यावर गोधडी. मागं सहा जणी. वैशाली दारातून म्हणाली, "आई, आधी विचारून तर बघ." मी म्हटलं, "विचारायलाच चाललेय."

शोभाच्या दारात उभी राहिले आणि विचारलं. म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढं विचारलं.

"शोभा! कापड कमी पडतं काय गं? मग हे काय आहे?" आणि गोधडी तिच्या मशीनवर फेकली.

शोभानं बघितलं. हात फिरवला. एका रंगावर, मग दुसऱ्यावर. मग मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली.

मी बायकांकडे वळून म्हटलं, "बघा. कबूल झाली."

शोभानं पदरानं डोळे पुसले. "कुसुमवहिनी, जरा हात वर करा."

"कशाला?"

"करा तर."

कुसुमनं हात वर केला. शोभानं गोधडीचा जांभळा कोपरा उचलला आणि तिच्या दंडाभोवती गुंडाळला. बरोबर बसला. खांद्यापासून दंडापर्यंत, ना एक बोट कमी, ना एक बोट जास्त.

"ही तुमची बाही," शोभा म्हणाली. मग गोधडी फिरवली. "ही पाठ. हा गळा. ही लताकाकूंची कटोरी." माझ्या फुलांवर बोट ठेवलं तिनं. "हे उरलेलं कापड नाही हो. हे तुमचे ब्लाउज आहेत. मी कापून ठेवलेले. फक्त शिवायचे राहिले होते."

कुसुमचा हात वरचा वरच राहिला.

"पाच दिवस शोधतेय मी हे गाठोडं," शोभा म्हणाली. "वाटलं चोरी झाली. कोणाला सांगू? सांगितलं तर परत कोण कापड देईल मला? काल मशीनला गिऱ्हाईक बघून ठेवलं. म्हटलं, मशीन विकून सगळ्यांना नवीन कापड आणून द्यावं."

इथं मला माझी चूक कळायला लागली. पण तोंडाची सवय अशी सुटते थोडीच?

"तूच सांगितलंस मशीनखालचं ने म्हणून!"

"कातरणं न्या म्हटलं होतं काकू."

"मग तेच नेलं! मशीनखाली दोनच तर होतं. हे गाठोडं आणि तुझे कांदे."

"कसले कांदे?"

"ते काय! पोतं!"

शोभानं पोतं ओढलं. गाठ सोडली. उलटं केलं.

लाल, निळ्या, पोपटी, बोटभर, वीतभर चिंध्यांचा डोंगर जमिनीवर पडला. एकही कांदा नाही.

"पोतं जागेवरच होतं," शोभा म्हणाली, "म्हणून मला वाटलं, मंदाकाकू अजून आल्याच नाहीत."

पहिली कुसुम हसली. मग लताबाई. मग त्या सगळ्या, भिंतीला धरून. माझ्या बाजूनं आलेली फौज ती, एका चिंधीत फितूर झाली. मी म्हटलं, "हसता काय? पोत्यावर लिहायला नको का काय आहे ते?" त्यावर तर त्या खालीच बसल्या.

बरं, पुढं काय? उसवायचं. कोणी? मीच. शोभा म्हणाली, "राहू द्या काकू, मी उसवते." मी म्हटलं, "तू शिवायला बस." तिच्या उंबऱ्यावर दोन दिवस बसले, ब्लेड घेऊन. येणारा जाणारा बघतोय. तांदळाच्या कणीएवढे टाके! ज्यानं कोणी माझ्या टाक्याचं कौतुक केलं असेल त्या प्रत्येकाला मी त्या दोन दिवसांत शिव्या दिल्या. बसल्या बसल्या ज्या बायका जात होत्या, त्यांना एकेकीला थांबवून सांगितलं, "शोभानं काही चोरलं नव्हतं. चूक माझी होती." जेवढ्या आवाजात आरोप केला होता, तेवढ्याच आवाजात सांगितलं. मला हळू बोलता येत नाही, त्याचा एकदा उपयोग झाला.

सहा ब्लाउज लग्नाच्या आदल्या दिवशी तयार झाले. मशीन शोभाकडेच राहिलं. ब्लाउजभर माझ्या सुईची भोकं होती म्हणा. कुसुम मांडवात पाहुण्यांना सांगत होती, "जाळीचं डिझाइन हाय. हवा बरी लागते."

सहाच का? सातवा माझा. त्याला मी कात्री लावली होती ना! दुसऱ्यांची कापडं राखली आणि स्वतःचं चौकोनी कापलं. शोभानं तो मोराचा चौकोन उलटसुलट करून बघितला. म्हणाली, "काकू, याची लांब बाही तर राहू द्या, आखूडपण बसणार नाही."

त्याआधी बारसं होतंच. तुकडे उसवून झाले त्याच संध्याकाळी पोत्यातल्या चिंध्या घेऊन बसले आणि गोधडी परत उभी केली. बोललं की करायचं, सांगितलं ना. मधोमध तोच मोर. टाके या वेळी जरा लांब घातले. परत उसवायची पाळी आली तर?

बारशाच्या दिवशी विहीणबाईंनी दिलेली आंबा रंगाची साडी नेसले, आणि वर घरातला जुना काळा ब्लाउज. विहीणबाईंची नजर आधी तिथंच गेली.

"अहो, साडीतला ब्लाउज नाही शिवला?"

वैशालीनं तोंडाला पदर लावला. कुसुम खोकायला लागली.

"शिवला की," मी म्हटलं. "माझ्या हातानं शिवला."

"मग घातला का नाही?"

मी पाळण्यातली गोधडी दाखवायला वाकले. नातीनं नेमकी तीच वेळ साधली. आजूबाजूला एवढ्या चिंध्या सोडून तिनं बरोबर मधल्या मोरावर धार धरली.

विहीणबाईंनी त्यांचं ब्लँकेट पुढं केलं. मी गप्प बसून घेतलं. गल्लीतल्या बायकांच्या मते त्या दिवशीची मोठी बातमी तीच होती.

तो ब्लाउज अंगावर एकदाही चढला नाही. पण माझ्या सगळ्या ब्लाउजांत सगळ्यात जास्त वेळा धुतला गेलेला तोच. दिवसातून तीनदा दोरीवर असतो, गल्लीच्या बाजूनं. आणि खालून जाताना कुसुम रोज विचारते, "काय मंदाकाकू, कांदे वाळले का?"