पियानोतली ढोलकी

मंडळी, आज धरणगावला हळदीत वाजवून आलो. जाम दमलोय, पण बोटं मात्र जराही दुखत नाहीयेत.

नवा डिजिटल पियानो आहे ना! आत भरलेल्या तालाची स्टाइल लावून डाव्या हाताने दोन-तीन सुरांची कॉर्ड धरली की ढोलकी, बास, व्हायोलिन, सगळा ताफा आपोआप वाजतो. म्हणून वीस वर्षं माझ्यासोबत ढोलकी वाजवणाऱ्या नानांना या वेळी बोलावलंच नाही.

तर नाना पाहुणे म्हणून हजर. पुढेच बसून शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी.

निघताना जवळ आले. "बापू, हाई ढोलकी कोनी वाजाडी व्हई?"

"असेल कुणीतरी, नाना. एकदाच वाजवून घेतात, मग तीच आत भरतात."

"मंग त्याले परत बलावलं का कोनी?"

मी वायर गुंडाळत राहिलो.