फ्रेमला हात लावू नये

भादवा सरत आला होता. रात्रभर झिमझिम व्हायची, पहाटे ती थांबायची, आणि मग डोंगरावरून धुकं असं उतरायचं की गावाबाहेरच्या बाजरीची कणसंसुद्धा दिसू नयेत. त्या धुक्यात पंडित डोक्याला टॉवेल गुंडाळून, व्हॉल्व्हची लोखंडी चावी खांद्यावर टाकून धरणाच्या वाटेला लागायचा. गावाला पाणी सोडायचं काम त्याचं. साक्रीकडच्या त्या डोंगरपट्ट्यात गावोगावची विहीर लांबच असते; त्याच्या गावची तर धरणाच्या पायथ्याशी, कोसभर लांब. वाट दगडगोट्यांची, मध्ये दोन नाले. तिथं जाऊन मोटर चालू करायची, परत येऊन गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवायचे. उशीर झाला की नळावरच्या बाया रिकामे हंडे बडवायच्या. त्यांच्या तोंडी लागण्यापेक्षा विहिरीत उडी टाकलेली बरी, असं पंडित म्हणायचा.

आजकाल पायी का जातोस, असं कोणी विचारलं तर तो सांगायचा, डॉक्टरनं चालायला सांगितलंय, शुगर निघाली. शुगर काही निघाली नव्हती. त्याची बॅटरीवरची सायकल घरात गोणपाटाखाली झाकून ठेवलेली होती आणि तिची फ्रेम तडकली होती. हे तो, त्याची बायको सुनंदाबाई आणि धुळ्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी भूमिका, एवढ्यांनाच ठाऊक होतं. धाकट्या भावाला, प्रेमराजला, ते कळू द्यायचं नव्हतं. सगळी लपवाछपवी त्याच्यासाठीच.

पंडितला डोळा एकच. दुसरा लहानपणी गुरं वळताना बाभळीच्या काट्यानं नेला. त्यामुळे लायसनच्या डॉक्टरनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा कागद बाजूला सारला. पंडित पुन्हा त्या वाटेला गेला नाही. केस काळे होते तेव्हापासून ते पिकेपर्यंत रोज सकाळी प्रेमराजच्या मोटरसायकलवर मागं बसून तो विहिरीवर गेला. प्रेमराजचं वेल्डिंगचं दुकान साक्री रस्त्याला. लोखंडी गेट, खिडक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. तो कधी नाही म्हणाला नाही, हे पंडितही कबूल करायचा. पण यायचा त्याच्या वेळेवर. चहा झाला की, तंबाखू मळून झाली की, गिऱ्हाईक गेलं की. मग दारात येऊन असा हॉर्न धरायचा की अख्ख्या गल्लीला कळावं, पंडितला न्यायला त्याचा भाऊ आला. पाणी कधी येणार, हे बायासुद्धा प्रेमराजलाच विचारायच्या. एका पंधरा ऑगस्टला सरपंचांनी गावसेवेसाठी म्हणून प्रेमराजला शाल पांघरली. तेव्हा पंडित मागं नारळ धरून उभा होता.

मग भूमिकाला नोकरी लागली आणि तिनं बापाला ती सायकल आणून दिली. जाड टायर, गिअर, पुढं झटका गिळणारा फोर्क, आणि पायडल मारलं की आपोआप जोर लावणारी मोटर. लायसन नको, नंबर नको. दुकानदार म्हणाला, ही डोंगरावर चालायलाच बनवलीय. पहिल्याच दिवशी पंडित अंधारात निघाला, दोन्ही नाले न उतरता पार केले, मोटर चालू करून परत आला, तेव्हा प्रेमराज ओट्यावर दात घासत होता. पंडितनं त्याच्या दारासमोर घंटी वाजवली. एकदाच. तेवढी पुरली. प्रेमराज चूळ भरून म्हणाला, “बॅटरीना काय भरोसा, भाऊ? वाटमा बंद पडनी म्हंजे मीच येसू लेवाले.”

सायकल वाटेत बंद पडली नाही. पावसाळाभर गावाला कधी नव्हे ते वेळेवर पाणी आलं. पंडित चारचौघांत जरा मोठ्यानं बोलायला लागला. वाण्याच्या दुकानात लोक त्याला बस म्हणायला लागले. आणि मग गणपतीच्या सुमारास, दुसऱ्या नाल्याच्या चढाला, हँडलखाली कट्ट करून वाजलं. उतरून पाहिलं तर जाड नळी जिथं कंपनीनं जोडली होती तिथं, केसाएवढी भेग. बोट फिरवलं की नखाला लागायची.

भूमिकानं फोनवरून वॉरंटीचा अर्ज केला. फ्रेमला पाच वर्षांची हमी होती, तेव्हा वाटलं, आठवड्यात निकाल. कंपनीला फोटो हवे होते. पाठवले, तर ते अंधुक. उजेडात काढून पाठवले, तर नंबर दिसेना. नंबर पायडलच्या खाली कोरलेला. नवरा-बायकोनं सायकल उलटी केली, सुनंदाबाईनं पदरानं चिखल पुसला, तेव्हा तो दिसला. मग कंपनीनं विचारलं, सायकल खडबडीत रस्त्यावर चालवली होती का? भूमिकानं उलट लिहिलं की जाहिरातीत तुमचा माणूस धबधब्याच्या दगडांवरून उडी मारतो, माझे वडील नुसते गावाला पाणी सोडायला जातात. यावर बरेच दिवस काहीच आलं नाही. मग निरोप आला की जळगावहून आमचा माणूस पाहायला येईल. या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात, मग नवरात्र झाल्यावर.

“बाबा, एक लक्षात ठेवा,” भूमिका फोनवर म्हणाली. “कंपनीनं स्पष्ट लिहिलंय. त्यांचा माणूस येईपर्यंत फ्रेमला हात लावू नये. ठोकायची नाही, जोडायची नाही. तुम्ही काही केलं की हमी संपली.”

पंडितनं ते सुनंदाबाईला सांगितलं. आणि सायकलवर गोणपाट टाकून, शुगरची थाप मारत, पायी चालू लागला. गुडघा सुजायचा, संध्याकाळी तो त्यावर मिठाच्या पाण्याचं फडकं धरून बसायचा. पण प्रेमराजला हाक मारली नाही.

खंडेनवमीच्या दिवशी घरातलं सगळं लोखंड प्रेमराजच्या दुकानात मांडायची त्यांच्याकडे बापाच्या वेळेपासूनची रीत. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, वजनकाटा, ग्राइंडर, मोटरसायकल, सगळं धुऊन ओळीत. नेमका त्या दिवशी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बिघडला आणि पंडित दुपारपर्यंत तिकडे अडकला. पुढं जे झालं ते त्याला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

सुनंदाबाईच्या मनात आलं की वर्षाचा सण, लेकीनं आणलेली वस्तू, आणि ती तेवढी अंधारात गोणपाटाखाली. कंपनीनं हात लावू नये म्हटलंय ते ठोकाठोक करू नये म्हणून. झेंडूची माळ म्हणजे काही ठोकाठोक नव्हे. तिनं सायकल पुसली आणि ढकलत दुकानात नेऊन ओळीत लावली. प्रेमराज एकेका वस्तूला हळदकुंकू लावत आला आणि सायकलपाशी त्याचं बोट थांबलं. त्यानं वाकून भेग पाहिली.

“वैनी, मोडेल वस्तू देवना पुढे कशी ठेवानी?”

खंडित वस्तू पुजत नाहीत, हे सुनंदाबाईलाही मान्य. ती म्हणाली, मग नेते परत, कंपनीचा माणूस यायचाय. प्रेमराज हसला. कंपनी जळगावला, आपण इथं. दोन मिनिटांचं काम, आणि भाऊ तेवढ्यासाठी महिनाभर पायपीट करतोय, मला एका शब्दानं बोलला नाही. हे बोलताना त्याच्या तोंडावर राग होता की आनंद, ते सुनंदाबाईला सांगता आलं नाही. तिनं हँडल धरून ठेवलं. त्यानं हसत हसत ते सोडवून घेतलं.

प्रेमराजचा जन्म लोखंडात गेलेला. ही फ्रेम ॲल्युमिनियमची. लोखंड तापतं, लाल होतं, सांगून वितळतं. ॲल्युमिनियम काही सांगत नाही. रॉड टेकला आणि नळी पावसात भिजलेल्या गुळासारखी खाली ओघळली. हात मागं घेईपर्यंत भेगेच्या जागी अंगठा जाईल एवढं भोक.  प्रेमराजनं भोकात एम-सील भरलं, कानशीनं घासलं, वरून गेटचा काळा रंग मारला आणि झेंडूची माळ बरोबर त्यावर बांधली.

पंडित आला तेव्हा दुकानात माणसं होती, हातात प्रसाद होता. सायकल मोटरसायकलच्या शेजारी उभी.

“देख भाऊ, जोडी दिधी,” प्रेमराज म्हणाला. “आते हत्ती बसाड तिनावर.”

पंडितनं माळेखाली बोट घातलं. रंग अजून चिकट होता. सणाचा दिवस, चार माणसं. त्यानं प्रसाद तोंडात टाकला. घरी आल्यावर सुनंदाबाईला एवढंच म्हणाला, “तुले सांगेल व्हतं ना.” ती म्हणाली, मी तिले फूल वाहाले लई गयथू. त्या रात्री तिनं ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

भूमिकाला त्यानं कळवलं नाही. त्याला वाटत होतं, रंग काळा, फ्रेम काळी. शहरातला माणूस उभ्या उभ्या बघेल आणि जाईल. नवा रंग चकाकत होता म्हणून त्यानं अंगणातली माती चिमटीत घेऊन त्यावर चोळली. आयुष्यात कधी व्हॉल्व्हचा एक आटा कोणासाठी जास्त न फिरवलेला माणूस, आपल्याच सायकलला धूळ चोळत बसला होता.

दसरा झाल्यावर उन्हं तापली आणि जळगावचा माणूस आला. हितेंद्र नाव. पोरगेलासा, घामानं भिजलेला, बोलायला गोड. सुनंदाबाईनं चहा टाकला. गल्लीतले दोनचार जण जमले; शाळेचे हेडमास्तरही आले, ज्यांच्या शाळेचं मोठं गेट प्रेमराजकडे बनत होतं. प्रेमराज दाराला टेकून उभा राहिला, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. हितेंद्रनं मोबाइलमध्ये भूमिकानं पाठवलेला फोटो काढला. फोटोत भेग होती. समोरच्या सायकलला नव्हती.  फोटो पंडितनंच काढून भूमिकाला पाठवले होते, आणि माती चोळताना हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

हितेंद्रनं खिशातली किल्ली काढून तिथं खरवडलं. एम-सीलची खपली पडली आणि भोक उघडं झालं, उंदरानं कुरतडल्यासारखं, कडेला जळकं.

“कोणी केलं हे, काका?”

पंडितनं आपला एक डोळा प्रेमराजवर रोखला. प्रेमराज नखांतली काजळी काढत होता. हेडमास्तर वाकून भोक बघत होते. पंडित थांबला. भावाला बोलायला लागला असता एवढा वेळ थांबला.

“मी केलं,” तो म्हणाला. “घरीच.”

हितेंद्रनं मान हलवली. “तसंच ठेवलं असतं तर नवी फ्रेम मिळाली असती हो. या मालाच्या अशा तक्रारी आमच्याकडे आणखी आल्यात. आता जे दिसतं तेच मला लिहावं लागणार.” त्यानं फोटो काढले, चहा संपवला, छान झाला म्हणाला, आणि साक्रीची गाडी पकडायला गेला.

माणसं पांगली. जाता जाता कोणी म्हणालं, वेल्डरचा भाऊ असून पंडितनं स्वतः कशाला हुशारी केली, आणि हेडमास्तर हसले. प्रेमराज तिथंच होता. त्यानं कंपनीला दोन शिव्या दिल्या. मग पंडितकडे न बघता म्हणाला, “मी सांगनार व्हतू. पन तू आधीच बोली गया.”

“हा,” पंडित म्हणाला. “मनाच तोंडले घाई.”

सुनंदाबाई गल्लीत जाऊन खरं ते सांगायला निघाली होती. पंडितनं तिला दारातच अडवलं. कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. तिनं ओळखलं, आणि ओळखल्यानं तिला जास्तच राग आला. गुडघा आता पायरीसुद्धा चढू देत नव्हता. खरं कळून शाळेचं गेट हातचं गेलं असतं तर प्रेमराज बिथरला असता, आणि विहीर होती तिथंच, कोसभर लांब राहणार होती.

भूमिकाचा फोन आला. तिला कंपनीचा नकार पोचला होता. “बाबा, तुम्ही असं करणार नाही,” ती म्हणाली. “कोणी केलं?” पंडित म्हणाला, ऐकू येत नाही, डोंगराकडे रेंज नाही. तो ओट्यावरच बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं नव्हतं, बाजरी कापून पडली होती. दारात हॉर्न वाजला, बराच वेळ वाजला.

“चाल, बस मांगे,” प्रेमराज म्हणाला.

पंडितनं चावी घेतली आणि मागं बसला. भावाच्या खांद्याला न धरता त्यानं कॅरिअर धरलं. वाटभर प्रेमराज शाळेच्या गेटबद्दल बोलत होता, वरती कमान करायची की भाले बसवायचे. दुसऱ्या नाल्याला पंडितला उतरावं लागलं. पलीकडे जाऊन पुन्हा बसला. विहिरीवर पोचल्यावर प्रेमराज कठड्यावर तंबाखू मळत बसला आणि म्हणाला, आटप, गिऱ्हाईक येईल.

पंडित मोटरच्या खोलीत शिरला. व्होल्टेज बघितलं, हिरवं बटण दाबलं. मोटर घुरघुरून लागली. पाईपच्या जोडातून कालपासून पाणी गळत होतं. त्यानं कोनाड्यातली रबराची पट्टी काढली, दुखरा पाय लांब करून ओल्या फरशीवर बसला, आणि पट्टी ताणून ताणून जोडाला गुंडाळायला लागला.