रिकाम्या घराला कुलूप

कुलूप माझ्या हातात होतं आणि आजी नव्हती.

माझ्या घरात नव्हती, समोर तिच्या घरात नव्हती, मी तिचा संडास पण उघडून बघितला. माझं बाळ लादीवर गोधडीत झोपलेलं, दोन्ही बाजूंनी उशा नीट लावलेल्या, म्हणजे जाताना ती लावून गेली. मी आत पाणी भरत होती. अडीचला पाणी यायचं, अर्धा तास, पिंप भरलं नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत बोंब. भरून बाहेर आली तर दरवाजा सताड उघडा. चपला तिथेच. आजी अनवाणी गेली होती.

बाळाला उचललं, तीन जिने उतरली, गेटच्या पुढे पिठाच्या गिरणीपर्यंत धावली. मे महिना, रस्त्यावर कोण नाही. एका रिक्षावाल्याला विचारलं, "भैया, एक बूढ़ी अम्मा देखी क्या? सफेद बाल?" तो बोलला, "अम्मा तो बहुत घूमती हैं, मॅडम." बाळ रडायला लागलं. मी परत वर धावली, म्हटलं आली असेल परत. नव्हती. तिच्या दारासमोर उभी राहिली, कुलूप मुठीत घामाने ओलं झालेलं, आणि जिन्यात चपलांचा आवाज आला. कोणतरी वर येत होतं. आणि मी काय केलं, कडी घातली आणि कुलूप दाबलं.

हे समजायला आधीचं सांगायला पाहिजे.

आम्ही भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या बाजूला भाड्याने राहायचो, अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर. मी एकवीस वर्षांची, आठवी पास, बाळ चार महिन्यांचं. हे सकाळी सातला जायचे ते रात्रीच यायचे. मी घरी इमिटेशनचं काम करायची, कानातल्यांना कड्या लावायचं, म्हणून पकड, तार, कानस घरातच. एकदा ट्रंकेची चावी हरवली म्हणून चावीवाल्याला वर बोलावलं, तो चाव्यांचा जुडगा वाजवत फिरायचा. त्याने दोन काड्या घातल्या आणि कुलूप उघडलं. मी बघतच राहिली. "कैसे किया?" विचारलं. तो हसला. "ज़ोर नहीं भाभी, गुदगुदी. हँसेगा तो खुलेगा."

ते माझ्या डोक्यातून जाईना. तुटक्या छत्रीच्या काड्या कानशीने घासून घासून पातळ केल्या, टोक वाकवलं, पहिल्या पाच तर मोडल्याच. भंगारवाल्याकडनं बिनचावीची कुलपं आणली. दुपारी बाकीच्या बायका सिरियल बघायच्या आणि मी मांडीवर फडकं घेऊन कुलपाला गुदगुल्या करायची. आत टिक होतं ते कानाला नाही, बोटाला कळतं. पहिलं उघडलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसली. शाळेत मला कधी काही आलं नव्हतं. हे येत होतं.

ह्यांनी एकदा ते सगळं बघितलं. "काय गं, चोराचा क्लास लावलायस का? सोसायटीत कळलं तर सामान रस्त्यावर येईल आपलं. आणि कोणाकडे चोरी झाली तर पोलीस पहिलं तुलाच उचलतील." हसत बोलले, पण फेकून दे बोलले. मी फेकलं नाही.

समोर वहिनी, दादा आणि दादांची आई, तीच आजी. ते दोघं कामाला जायचे. आजी तीस वर्षं मुंबईत हॉस्पिटलात आया होती, आता डोक्यात सगळं मागेपुढे झालेलं, उठसूट ड्युटीला निघायची. म्हणून वहिनी जेवण झाकून ठेवायच्या, जाळीच्या दरवाजाला बाहेरून कुलूप लावायच्या, दोनदा ओढून बघायच्या. मला सांगायच्या, "लक्ष ठेव गं जरा. असं कोंडून जायला मला पण बरं नाही वाटत, पण करू काय?" चावी मला दिली नव्हती. मी मागितली पण नव्हती.

माझं बाळ दुपारी रडायला लागलं की दोन-दोन तास, काळंनिळं व्हायचं. मला वाटायचं आता मरतंय. एकदा त्याला घेऊन जिन्यात उभी राहून मी पण रडत होती, तर जाळीतून आजी बोलली, "ओ सिस्टर, पेशंटला असं धरतात का? पालथं घ्या, हातावर." मी घेतलं. गॅस सुटला, बाळ गप्प झालं. "आणा इकडे," ती बोलली आणि जाळीतून दोन बोटं बाहेर काढली. दोनच निघत होती.

दुसऱ्या दिवशी मी काड्या घेऊन गेली. माणुसकी म्हणून नाही, खोटं का बोलू. मला बाळासोबत एकटीला भीती वाटायची, मला माणूस पाहिजे होतं. मग रोजचंच झालं. दोन वाजता कुलूप काढायची, आजीला माझ्याकडे आणायची, ती बाळाला तेल लावायची, मला ओरडायची, "सिस्टर, नखं कापा आधी!" पाचला मी सिस्टर होऊन बोलायची, "मावशी, ड्युटी संपली, क्वार्टरवर चला," की गुपचूप जायची. मी कुलूप लावायची. सातला वहिनी येऊन बोलायच्या, "हल्ली आई शांत असतात हं." दोन महिने असं चाललं.

तर त्या दिवशी जिन्यात सेक्रेटरीची बायको होती. "अरे, इतनी धूप में छोकरे को लेके? मुँह तो देख, टमाटर हो गया!" मी बोलली, "कुछ नहीं भाभी, रोता था." ती वर गेली. तिला सांगितलं असतं तर अख्खी बिल्डिंग खाली धावली असती. मला ह्यांचं बोलणं आठवलं, पोलीस, सामान रस्त्यावर. म्हटलं येईल आजी, रस्ता सापडेल तिला. चार वाजले, पाच वाजले, मी खिडकीत. कोण शोधत नव्हतं, कारण घराला कुलूप होतं.

सातला वहिनींनी दार उघडलं आणि किंचाळल्या. दादा आले. त्यांनी वहिनींना पहिलं हेच विचारलं, "कुलूप होतं?"

"होतं."

"मग लावताना बघितलंस का आई आत आहे ते?"

"होत्या की. चहा दिला मी."

"चहाचं नाही विचारत. लावताना बघितलंस का?"

वहिनी हातातलं कुलूप उलटसुलट करून बघत होत्या. मी दारात बाळाला घेऊन उभी होती.

तिसऱ्या दिवशी सापडली, पश्चिमेला, मिठागराच्या बांधावर. जिवंत होती पण बोलत नव्हती, तळपाय सगळे सोललेले. दोन दिवसांनी गेली. स्टेशनच्या पुलाखालचा चहावाला नंतर दादांना बोलला, "म्हातारी ना? त्या दिवशी चार ते सहा इथेच बसलेली. सगळ्यांना विचारत होती सेकंड शिफ्टचा स्टाफ कुठे जमतो." आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर.

जलदानविधी झाल्यावर एकदा वहिनी माझ्याकडे येऊन बसल्या. बाळाला मांडीवर घेतलं. बोलल्या, "मला आता वाटतं मी बघितलंच नाही गं. त्या माझ्या मागून बाहेर आल्या असतील आणि मी तशीच कुलूप लावून गेली. आधी आठवत होतं त्या आत दिसल्या ते. आता आठवतच नाही." मग विचारलं, "तू घरात असतेस. तुला काही आवाज आला होता का?"

मी बोलली, "नाही वहिनी."

त्यानंतर दादा स्वतः कुलूप लावायला लागले. घरात कोंडायला कोणी उरलं नव्हतं तरी. वहिनींच्या हातात चावी द्यायचे नाहीत, त्या डबा घेऊन बाजूला उभ्या राहायच्या, चूक केलेल्या पोरीसारख्या. मी रोज दाराच्या भोकातून बघायची. वर्षभराने ते खोली सोडून गेले, कुठे ते सांगून गेले नाहीत. मी विचारलं पण नाही.

तुम्ही असता तर? पदरात सहा महिन्यांचं बाळ, भाड्याचं घर, नवरा बोलून ठेवलेला, आणि समोर ती बाई विचारतेय आवाज आला होता का. तुम्ही सांगितलं असतं? लगेच हो बोलू नका. मी पण रोज हो बोलते, ती समोर नसते तेव्हा.